जाहीर न झालेला निकाल: राज्यशास्त्र अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या राज्यशास्त्र अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे सध्या सगळीकडे अभ्यासक्रम नव्याने लिहिले जात आहेत. श्रेयांक वर-खाली होतात, पेपरांची नावं बदलतात. तुलनात्मक राजकारणात मात्र इंग्लंड, अमेरिका, चीन आणि फार तर स्वित्झर्लंड यांची जुनी बैठक काही मोडत नाही. आफ्रिका आलीच तर वसाहतवादाच्या प्रकरणात परिच्छेदापुरती येते. लष्करी राजवट म्हटलं की आपण पाकिस्तानवर भागवतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो आणि निवडणूक आली की आपल्यातल्या अनेकांप्रमाणे केंद्राध्यक्ष म्हणून जातो. या दोन्ही नात्यांनी एक मागणी करतो आहे. नायजेरियातल्या एका राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला अभ्यासक्रमात दोन तासिकांची जागा द्या. त्यांचं नाव हम्फ्री न्वोसू.

न्वोसू आग्नेय नायजेरियातल्या इग्बो समाजातले. जन्म 2 ऑक्टोबर 1941 चा, गाव अजाल्ली, आजच्या अनाम्ब्रा राज्यातलं. अमेरिकेत बर्कलीला शिकून आल्यावर ते न्सुकाच्या नायजेरिया विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवू लागले. हे विद्यापीठ स्वातंत्र्यलढ्यातले नेते न्नाम्दी अझिकिवे यांच्या पुढाकाराने 1960 मध्ये सुरू झालं आणि 1967 ते 1970 च्या बियाफ्रा युद्धात त्याची पार वाताहत झाली. इग्बोंनी वेगळं राष्ट्र मागितलं, संघराज्याच्या लष्कराने ते मोडून काढलं. अशा हरलेल्या समाजातला प्राध्यापक पुढे लष्करी सरकारातच पद घेतो. आधी अनाम्ब्राच्या राज्य सरकारात आयुक्त, म्हणजे आपल्याकडच्या मंत्र्याच्या तोडीचं पद, त्यात स्थानिक शासनाचं खातं. आणि 1989 मध्ये थेट राष्ट्रीय निवडणूक आयोगाचं अध्यक्षपद. नेमणूक करणारे होते जनरल इब्राहिम बाबांगिडा, जे 1985 मध्ये उठाव करून सत्तेवर आले होते आणि देश मुलकी सरकारच्या हाती सोपवण्याच्या तारखा पुढे पुढे ढकलत होते.

न्वोसूंच्या आधी त्या खुर्चीवर एमे आवा होते. तेही इग्बो, तेही न्सुकाचे, तेही राज्यशास्त्राचे, आणि न्वोसूंचे गुरू. त्यांचं बाबांगिडांशी बिनसलं आणि ते बाहेर पडले. मोकळ्या झालेल्या जागी शिष्य बसला. गुरूने सोडलेलं पद शिष्याने घ्यावं का, या एका प्रश्नावर वर्ग तासभर भांडू शकतो. आपल्या 'शासकीय सेवेतील नीतिमूल्ये' वगैरे प्रकरणांत हा जिवंतपणा कुठून येणार?

त्याच सुमारास दुसरे एक राज्यशास्त्रज्ञ बाबांगिडांशी उघड झगडत होते. अत्ताहिरू जेगा, उत्तरेतल्या केब्बीचे, विद्यापीठ शिक्षकांच्या देशव्यापी संघटनेचे अध्यक्ष. त्या संघटनेवर 1988 मध्ये बंदी आली, 1992 मध्ये पुन्हा आली. एक प्राध्यापक संपावर आणि दुसरा सरकारी गाडीत, असं ते चित्र होतं, आणि चळवळीतल्या लोकांनी न्वोसूंकडे संशयाने पाहिलं यात नवल नाही. पुढे हेच जेगा 2010 मध्ये निवडणूक आयोगाचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, 2015 मध्ये, नायजेरियात पहिल्यांदा सत्तेवरचा राष्ट्राध्यक्ष मतपेटीतून हरला. त्यांनी 2011 मध्ये वापरलेल्या मतदानपद्धतीचा साचा मात्र न्वोसूंचा होता. आंदोलन करणाऱ्याला शेवटी खुर्चीतल्या माणसाची पद्धत उपयोगी पडली. याचा अर्थ काय लावायचा ते विद्यार्थ्यांनी ठरवावं, मी माझं मत पुढे सांगतो.

आधी त्या पद्धतीबद्दल, कारण खरा ऐवज तिथे आहे.

1989 मध्ये 13 पक्षांनी नोंदणीसाठी अर्ज केले. आयोगाने 6 नावांची शिफारस केली. बाबांगिडांनी सगळीच फेटाळली आणि सरकारी हुकमाने दोन नवे पक्ष काढले: सोशल डेमोक्रॅटिक पार्टी, निशाणी घोडा, आणि नॅशनल रिपब्लिकन कन्व्हेन्शन, निशाणी गरुड. एक जरा डावीकडे, दुसरा जरा उजवीकडे. जाहीरनामे सरकारने लिहिले, कार्यालयंही सरकारने बांधून दिली. लोकशाहीची ही अशी सरकारी आवृत्ती राबवायचं काम न्वोसूंच्या गळ्यात पडलं आणि त्यांनी ते मनापासून केलं. हे मनापासून करणं काहींना आजही खटकतं. मलाही खटकतं.

नायजेरियाचं जुनं दुखणं म्हणजे पळवलेल्या मतपेट्या आणि वाटेत बदललेले आकडे. मतदान एका ठिकाणी, मोजणी दुसऱ्या ठिकाणी आणि मधल्या रस्त्यात काय झालं याचा पत्ता नाही. यावर न्वोसूंच्या आयोगाने पहिल्यांदा जो उपाय केला तो अगदीच ओबडधोबड होता. डिसेंबर 1990 च्या स्थानिक निवडणुकांत मतपत्रिकाच नव्हती. उमेदवाराच्या चित्रामागे रांग लावायची, अधिकाऱ्याने डोकी मोजायची, आकडा तिथेच मोठ्याने सांगायचा. खोटेपणाला जागा नाही, पण गुप्ततेलाही नाही. मालकाच्या डोळ्यांदेखत नोकर कुठल्या रांगेत उभा राहणार? टीका झाली, आणि ती रास्त होती.

मग आली सुधारलेली पद्धत. मतदाराने आधी आपली ओळख पटवायची, आडोशाला जाऊन मतपत्रिकेवर अंगठा उमटवायचा आणि सगळ्यांसमोर पेटीत टाकायची. मतदान संपलं की पेटी तिथेच उघडायची, मतं तिथेच मोजायची, निकाल तिथेच जाहीर करायचा. पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या त्याच कागदावर. मत गुप्त राहिलं आणि मोजणी उघड झाली. पक्षांतर्गत उमेदवारीसाठीही त्यांनी प्रभागापासून वर चढत जाणारी निवड लावली. तिचं नाव 'ऑप्शन ए-फोर'. 1992 मधल्या पक्षांच्या प्राथमिक फेऱ्या पैशांच्या उधळणीमुळे रद्द झाल्या होत्या आणि 23 इच्छुकांवर बंदी आली होती, त्यानंतरचा हा तोडगा. त्यातून घोड्यावर आले मोशूद अबिओला, नैर्ऋत्येतल्या अबेओकुताचे, योरुबा समाजातले मुस्लिम उद्योगपती, आणि गरुडावर उत्तरेतल्या कानोचे बशीर तोफा. तोफांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी सिल्व्हेस्टर उगो होते, म्हणजे इग्बो.

10 जून 1993 ची रात्र. 'असोसिएशन फॉर बेटर नायजेरिया' नावाच्या संघटनेने राजधानी अबुजाच्या उच्च न्यायालयाकडून निवडणूक थांबवण्याचा आदेश मिळवला. या संघटनेमागे आर्थर न्झेरिबे नावाचे एक धनाढ्य राजकारणी होते, आणि तेही इग्बोच. मतदानाला मध्ये एकच दिवस उरलेला. न्वोसूंनी त्याच वर्षीच्या 13 क्रमांकाच्या हुकमाकडे बोट दाखवलं, ज्यानुसार न्यायालयाला मतदानाची तारीख अडवता येत नव्हती, आणि निवडणूक ठरल्या दिवशीच होईल असं जाहीर केलं. न्यायालयाचा अवमान की कायद्याचं पालन? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. ज्यांनी मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सामान घेऊन केंद्र गाठलं आहे, त्यांना तो शुक्रवार कसा गेला असेल हे वेगळं सांगायला नको.

शनिवारी, 12 जूनला, मतदान झालं आणि ते शांततेत झालं. सुमारे 1 कोटी 43 लाख मतं पडली. अबिओलांना 58 टक्क्यांच्या आसपास. तोफा स्वतःच्या कानोतही हरले. इग्बो पट्ट्यात इमो, अबिया आणि एनुगू तोफांकडे गेले, न्वोसूंचं अनाम्ब्रा अबिओलांकडे. जातीवर मतदान होतं, धर्मावर होतं, प्रदेशावर होतं, असं वर्षानुवर्षं सांगणाऱ्या आपल्या सगळ्या शास्त्राला त्या दिवशी नायजेरियन मतदाराने घाम फोडला.

निम्म्या राज्यांचे निकाल आयोगाने जाहीर केले होते, तेवढ्यात पुन्हा न्यायालयाचा आदेश आला आणि 16 जूनला आयोग थांबला. न्वोसूंच्या आयोगाने कडुनाच्या अपील न्यायालयात दाद मागितली. तिथला निवाडा व्हायच्या आधीच, 23 जूनला, उपराष्ट्राध्यक्षांचे प्रसिद्धी सचिव न्दुका इराबोर यांनी पत्रकारांना एक निवेदन वाचून दाखवलं. निवडणूक रद्द. त्या कागदावर ना सही, ना तारीख, ना शासनाचं शीर्षक. एक कोटीहून अधिक लोकांचं मत एका कोऱ्या कागदाने पुसायला काढलं. आपल्याकडे साधी किरकोळ रजा मंजूर करायलाही शिक्का लागतो.

न्वोसू पदावरून गेले. त्यांच्या जागी ओकोन उया आले, इतिहासाचे प्राध्यापक. (नायजेरियाला या खुर्चीवर प्राध्यापक बसवायची भारी हौस. आता तर निकाल जाहीर करणारे अधिकारीही विद्यापीठांतून येतात, आणि 2021 मध्ये त्यांतल्या एका प्राध्यापकाला आकडे फिरवल्याबद्दल तीन वर्षांची कैद झाली. पदवी म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे, हेही त्याच देशाने दाखवून दिलं.) ऑगस्टमध्ये बाबांगिडा बाजूला झाले, नोव्हेंबरमध्ये जनरल सानी अबाचा सत्ता बळकावून आले. अबिओलांनी 1994 मध्ये स्वतःला राष्ट्राध्यक्ष घोषित केलं आणि तुरुंगात गेले. त्यांची पत्नी कुदिरात यांची 1996 मध्ये भर रस्त्यात हत्या झाली. अबिओलाही 7 जुलै 1998 रोजी कैदेतच वारले.

आणि न्वोसू? ते गप्प राहिले. तब्बल 15 वर्षं. 2008 मध्ये त्यांचं पुस्तक आलं, त्यात संपूर्ण आकडे दिले, पण बाबांगिडांना त्यांनी बऱ्यापैकी सांभाळून घेतलं. दोष त्यांच्याभोवतीच्या अधिकाऱ्यांवर गेला. लोक संतापले. माणसं मेली, घरं उद्ध्वस्त झाली, आणि हे गृहस्थ ज्याने नेमलं त्याची बाजू सावरतात? हा संताप मला पूर्ण पटतो. अध्यक्षांनी 1993 च्या जूनमध्येच पत्रकारांसमोर उभं राहून एक आकडा उच्चारला असता तर इतिहास बदलला असता का, हे कुणाला सांगता येणार. उच्चारायला हवा होता, असं वाटणं मात्र स्वाभाविक आहे.

20 ऑक्टोबर 2024 रोजी न्वोसू अमेरिकेत, व्हर्जिनियात, वारले. मार्च 2025 मध्ये, त्यांच्या अंत्यविधीच्या सुमारास, नायजेरियाच्या सिनेटमध्ये एन्यिन्नाया अबारिबे यांनी प्रस्ताव मांडला की त्यांना राष्ट्रीय सन्मान द्यावा, आयोगाच्या मुख्यालयाला त्यांचं नाव द्यावं. सभागृहात रणकंदन माजलं. ज्याला निकाल जाहीर करायची हिंमत झाली नाही तो कसला वीर, असं एका बाजूचं म्हणणं. डोक्यावर बंदूक असताना तुम्ही काय केलं असतं, हे दुसऱ्या बाजूचं. इग्बोबहुल आग्नेय भागातले सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. शेवटी एक मिनिट मौन आणि कुटुंबाचं सांत्वन, एवढ्यावर प्रकरण मिटलं. त्यानंतर तीनच महिन्यांनी, 12 जून 2025 ला, राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी न्वोसूंना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान देऊन टाकला. राजकारण आहे, चालायचंच.

या वादात दोन्ही बाजू न्वोसूंच्या छातीचं माप घेत बसल्या, आणि त्यांनी जे प्रत्यक्ष उभं केलं त्याकडे कुणी पाहिलं नाही. निकाल जाहीर झाला नाही, असं आपण म्हणतो. तो जाहीर झाला होता. 12 जूनच्या संध्याकाळी, देशभरातल्या सुमारे 1 लाख 10 हजार मतदान केंद्रांवर, तिथे उभ्या असलेल्या माणसांसमोर, मोठ्याने. त्याचे कागद पक्षांच्या प्रतिनिधींकडे होते. म्हणून तर 'कॅम्पेन फॉर डेमोक्रसी' या लोकशाहीवादी संघटनेच्या कार्यकर्त्यांना 18 जूनलाच सगळी बेरीज लोकांपुढे मांडता आली, निवडणूक रद्द व्हायच्या पाच दिवस आधी. अध्यक्षाच्या तोंडून काही निघो न निघो, अबिओला जिंकले हे लागोसच्या रिक्षावाल्यापासून कानोच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून जुलैत लोक रस्त्यावर आले, आणि म्हणूनच पुढची तीस वर्षं हा विषय मिटला नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये खुद्द बाबांगिडांचं आत्मचरित्र आलं. त्यात त्यांनी अबिओला जिंकल्याचं मान्य केलं. कशाच्या आधारावर? त्या 1 लाख 10 हजार केंद्रांच्या मूळ आकड्यांच्या. 81 लाख 28 हजार 720 विरुद्ध 58 लाख 48 हजार 247. (दोघांचेही आकडे वेगवेगळ्या नोंदींत थोडे कमीजास्त आहेत, फरक प्रत्येकी लाखा-दोन लाखांचा, निकालात नाही.) हुकूमशहाने तीन दशकांनी कबुली दिली ती ज्या कागदांकडे पाहून दिली, ते कागद प्रत्येक केंद्रावर तयार व्हावेत ही सोय न्वोसूंच्या आयोगाची. माणूस कच खाईल हे गृहीत धरून संस्था रचायच्या असतात, असं आपण अमेरिकी संविधानाचे शिल्पकार मॅडिसन यांच्या नावाने वर्गात सांगतो. इथे रचणारा माणूस स्वतःच कच खाणारा निघाला आणि रचना मात्र टिकली. जेगांबद्दल वर जे म्हटलं त्यावर माझं मत हेच: चळवळीचं मोल कमी नाही, पण 1993 मध्ये चळवळीच्या हातात आकडे नसते तर ती कशाच्या जोरावर उभी राहिली असती?

आता आपल्याकडे वळतो, कारण 'हे सगळं आफ्रिकेत' असं कुणीतरी म्हणणारच.

न्वोसू आणि टी. एन. शेषन जवळपास समकालीन. शेषन डिसेंबर 1990 मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त झाले. त्यांचा दरारा, त्यांनी रद्द केलेली मतदानं, राजकारण्यांची उडालेली झोप, हे सगळं आपण चवीने शिकवतो. पण शेषन यांच्या पाठीशी संविधानाचं कलम 324 होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला काढायला जी प्रक्रिया लागते, तीच त्यांना काढायलाही लागली असती. न्वोसूंची खुर्ची एका हुकमावर होती आणि दुसऱ्या हुकमाने गेली. शेषन अबुजात असते तर? न्वोसू दिल्लीत असते तर? स्वभाव आणि संरक्षण यांतलं कोण किती काम करतं, हे समजावायला याहून चांगली जोडी मला तरी सापडलेली नाही. आयुक्तांच्या नेमणुकीच्या 2023 च्या कायद्यावर विद्यार्थी प्रश्न विचारतात, तेव्हा तर ही तुलना फारच कामाला येते.

दुसरा मुद्दा मोजणीच्या जागेचा. कागदी मतपत्रिकांच्या काळात आपल्याकडे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळता येत. कुठल्या वस्तीने कुणाला मत दिलं हे कळू नये, निकालानंतर त्या वस्तीचं पाणी तोडलं जाऊ नये, म्हणून. मतदान यंत्रं आली आणि केंद्रनिहाय आकडे उघडे पडले. सगळ्यांची बेरीज एकदम दाखवणारं 'टोटलायझर' यंत्र आणावं, असा प्रस्ताव आयोगाने 2008 मध्ये दिला, तो अजून प्रत्यक्षात आलेला नाही. म्हणजे भारताला भीती वाटली ती वस्तीवर सूड उगवला जाण्याची, आणि नायजेरियाला आकडा वाटेत बदलला जाण्याची. दोन्ही भीती खऱ्या. एकीवर उपाय केला की दुसरी डोकं वर काढते.

मतदान संपल्यावर केंद्रात जे घडतं ते आपल्यातल्या अनेकांनी अनुभवलं आहे. रांगेतल्या शेवटच्या माणसाचं मत होतं, यंत्राचं 'क्लोज'चं बटण दाबलं जातं, आणि मग 17-सी नमुना भरायला बसायचं. एकूण नोंदवलेली मतं, यंत्रांचे क्रमांक, मोहरबंद कागदाच्या पट्ट्यांचा हिशेब. पाठ मोडलेली, बस बाहेर हॉर्न देते आहे, आणि पक्षांचे प्रतिनिधी प्रत न घेताच निघून चाललेत. त्यांना हाका मारून, थांबवून, प्रत हातात देऊन, पोच घ्यावी लागते. मारकडवाडीचं प्रकरण गाजलं तेव्हा आणि त्यानंतरही 17-सी वर चर्चा झडल्या. त्या चर्चांत हिरिरीने बोलणाऱ्या किती जणांनी तो नमुना डोळ्यांनी पाहिला होता, शंका आहे. पदवीचा विद्यार्थी तीन वर्षं राज्यशास्त्र शिकतो आणि हा कागद न पाहता बाहेर पडतो. पुढे तोच शिक्षक होतो आणि प्रशिक्षणाच्या दिवशी पहिल्यांदा तो पाहतो.

तेव्हा मागणी अशी. तुलनात्मक राजकारणाच्या पेपरात निवडणूक व्यवस्थापनाचं एक छोटं प्रकरण असावं आणि त्यात न्वोसूंचा जून 1993 यावा. सोबत आवांचा राजीनामा आणि जेगांचा 2015 यावा, म्हणजे तिघांचे तीन मार्ग विद्यार्थ्यांपुढे राहतील. न्वोसूंचं 2008 चं पुस्तक आणि बाबांगिडांचं 2025 चं, या दोन्हींतले निवडक उतारे समोरासमोर ठेवून वाचून घ्यावेत. दोन माणसं एकाच आठवड्याबद्दल काय सांगतात आणि काय गाळतात, हे शोधणं हाच स्वाध्याय. प्रात्यक्षिक म्हणून वर्गातच मतदान घ्यावं, एकदा रांग लावून, एकदा आडोशाला, आणि 17-सी भरून घ्यावा.

एक विनंती. यावर 'न्वोसू यांच्या कार्याचे मूल्यमापन करा' असा दहा गुणांचा प्रश्न काढू नका. गाईडवाले लगेच सहा मुद्द्यांचं उत्तर छापतील. निकालाचा कोरा नमुना द्या, काही केंद्रांचे आकडे द्या, आणि विचारा की अध्यक्ष बोलत नसेल तर यातून काय सिद्ध करता येईल.

संदर्भसाहित्य मराठीत नाही ही अडचण मला मान्य आहे. मंडळाने होकार दिला तर दोन तासिकांना पुरेल एवढं टिपण मी लिहून देतो, मानधनाची अपेक्षा नाही. विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, एवढंच.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
राज्यशास्त्राचा एक शिक्षक